मरीआई गार झाली

तांबडवाडीच्या मागच्या आळीत सकाळपासून माणसाला माणूस खेटून उभा होता. बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा तो मे महिना. विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि अशा दिवसांत काकासाहेबांच्या घराच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसलेल्या मरीआईच्या शेंदरी दगडातून पाणी ठिबकत होतं. तेही गार पाणी. बाहेर अंगाची लाही होत असताना दगडाला हात लावला तर बोटं आखडत होती. बायका दगडाला हात लावायच्या, तोच हात डोळ्यांना लावायच्या आणि हुंदके देत बाजूला व्हायच्या.

मी त्या गावात सरकारी नर्स होते. शेवगाव तालुक्यातली अशी चार-पाच खेडी माझ्याकडे होती. लोक मला नुसतं 'बाई' म्हणत. तोंडानं मी फटकळ, हे मला ठाऊक आहे, आणि गावालाही ठाऊक होतं.

गर्दी का लोटली हे कळायला तिथली एक रीत माहीत हवी. पटकीची साथ आली की मरीआई तापली असं म्हणतात. मग बायका ओल्या लुगड्यानं घागरी नेऊन दगडावर ओततात. याला आईला गार करणं म्हणतात. आई गार झाली की साथ गेली, असा पिढ्यान् पिढ्यांचा समज. त्या वर्षी दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या बांधावर, उलट्या-जुलाबाची साथ पेटलेली होती. पण दगडावर ओतायला घागरभर पाणी कुणाच्या घरात होतं? आणि अशात आई आपली आपण गार झाली. लोकांनी डोळे मिटून हात जोडले यात मला नवल वाटलं नाही. मला राग आला तो पुंजारामाचा.

पुंजाराम हा आमच्याकडचा देवऋषी. एरवी विंचू उतरवायचा, म्हशीची दृष्ट काढायचा. आता तो कोनाड्याशेजारी घोंगडी टाकून बसला होता आणि पळीपळीनं तीर्थ वाटत होता. तोंडाचा पट्टा चालूच होता.

"म्या आईला पुसलं, आई, पानी कुठनं आनलंस? आई म्हनली, पाताळातनं. म्या म्हनलं, मंग गार कसं? आई म्हनली, येड्या, पाताळात ऊन पडतं व्हय?"

यावर सगळी आळी माना डोलवायची. पाताळात ऊन पडत नाही, हे खोटं आहे असं कोण म्हणणार? तीर्थात बारीक तांबूस कण तरंगत. पुंजाराम सांगायचा, आई चंदन उगाळून धाडतीय. आणि सगळ्यात मोठी खूण त्यानं अशी सांगितली होती की आईला विजेची धग सोसत नाही. गावात लाईट असली की आई रुसून बसते, लाईट गेली की पाझरते. हे मात्र अगदी खरं होतं. वीज तेव्हा मनाला येईल तेव्हा जायची, आणि दिवा गेला की थोड्याच वेळात दगडाच्या पायथ्याशी थेंब धरायचा. लोकांनी चार-पाच वेळा पडताळून पाहिलं होतं. काहींनी तर घरातले दिवे आपणहून मालवून ठेवले होते.

मी रांगेत उभी राहिले आणि तळहातावर तीर्थ घेतलं. प्यायले नाही, हुंगलं. कुबट वास होता. कण बोटांत चोळून पाहिले. ते चंदन नव्हतं, वखारीतला लाकडाचा भुसा होता. भुसा, गारवा आणि वीज या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे नांदतात हे मला कळायला वेळ लागला नाही. कारण लसीच्या थर्मासमध्ये घालायला मी नेहमी काकासाहेबांकडूनच बर्फ नेत असे.

काकासाहेब गावातले सधन बागायतदार. मळ्यातली त्यांची विहीर अजून पाणी धरून होती. घरातच ते गोटीसोड्याचा धंदा करत आणि त्यासाठी नगरच्या कॅम्पातल्या लिलावातून त्यांनी बर्फ करायचं एक जुनं यंत्र आणलं होतं. ते मागच्या खोलीत, अगदी मरीआईच्या भिंतीला पाठ लावून ठेवलेलं होतं. तयार बर्फ शेजारच्या लाकडी पेटीत भुशात पुरून ठेवत. हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच बर्फाचे गोळे गावानं जत्रेत चोखले होते.

आळीतून वळसा घालून मी त्यांच्या घरी गेले. मी नेहमीसारखी बर्फ न्यायला आले असं समजून त्यांनी मागची खोली उघडली. मी सरळ यंत्रामागे वाकले. यंत्राचं आणि पेटीचं वितळलेलं पाणी खालच्या पत्र्याच्या परातीत पडायचं आणि परातीतून रबरी पाइपनं मोरीत जायचं. पण मोरी नवी बांधताना तिचा काठ उंच झाला होता आणि यंत्र भिंतीकडे सरकवलं होतं. पाइप यंत्राच्या पायाखाली दबलेला, पुढे मोरीच्या काठावर चढलेला. पाण्याला उतार राहिला नव्हता, वर चढायचं होतं. त्यात भुसा आणि शेवाळ साचून बोळा बसलेला. सकाळपासून लाईट नव्हती, परात काठोकाठ भरली होती आणि पाणी दगडमातीच्या भिंतीच्या फटीत शिरत होतं. लाईट गेली की यंत्र थंड करायचं थांबायचं, आतला साचलेला बर्फ सुटायचा आणि परात वाहायला लागायची. आईला विजेची धग सोसत नव्हती ती अशी.

मी काकासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"बाई, म्या कुनाला म्हनलो का, ही देवी हाय म्हनून?" ते हळू आवाजात म्हणाले. "म्या गप बसलो. गप बसनं गुन्हा हाय का?"

बाहेर जमलेला माणूस तीर्थ घेतो आणि मग त्यांच्याकडे सोडा पितो, हे त्यांनी सांगितलं नाही. मला दिसत होतं.

मी त्यांच्या बायकोकडून निळीची पुडी मागून घेतली आणि परातीत रिकामी केली. मग आळीत येऊन उभी राहिले. थोड्या वेळानं दगडाच्या पायथ्याशी निळा थेंब जमला. मी मोठ्यानं सांगितलं की ही धोतरं पांढरी करायची नीळ आहे, आत्ता मी ती काकासाहेबांच्या बर्फाच्या परातीत टाकली, आणि तुम्ही पिता ते पाणी त्या परातीतलं आहे. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुंजारामाकडे. मला वाटलं, संपलं.

पुंजारामानं मान हलवली आणि डोळ्यांना उपरणं लावलं.

"ऐकलं का? बाईनं आईच्या पान्यात इख कालवलं. आनि आईनं ते आपल्या अंगावर घेतलं, तुमच्या लेकरांवर येऊ दिलं न्हाई. महादेवाचा गळा कशानं निळा झाला, इसरला काय?"

सगळी आळी जमिनीवर आडवी झाली. म्हाताऱ्या आक्काबाईनं माझ्या अंगावर धूळ फेकली. निळं तीर्थ घ्यायला रेटारेटी सुरू झाली. माझ्या एका पुडीनं त्याच्या देवीचा महिमा दुप्पट केला होता. मी भिंतीच्या ज्या बाजूला बोलत होते ती पुंजारामाची बाजू होती, तिथं शहाणपणाचं कुणी ऐकणार नव्हतं.

त्याच गर्दीच्या कडेला मला रंगूबाई दिसली. रंगूबाई बांधावर माती टाकायला जायची. नवरा भिमाजी बेलापूरकडे मजुरीला गेलेला. तिची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून या पोरीचं नाव कडू ठेवलेलं. कडू म्हटलं की मरणानंही तोंडात घेऊन थुंकून टाकावं, एवढीच आईबापांची आशा. पाच-सहा वर्षांची, चुणचुणीत. मी बांधावरच्या हौदात औषध टाकायला गेले की माझ्या पिशवीला लोंबकळायची.

कालच मी रंगूबाईला सांगितलं होतं. कडूला जुलाब सुरू झाले होते. मी म्हटलं, उकळून निवलेलं मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, आणि थांबलं नाही तर शेवगावच्या दवाखान्यात ने, तिथं शिरेतून पाणी देतात. तिनं मान डोलावली होती. पण संध्याकाळी पुंजारामानं तिला बजावलं की तीर्थ सुरू असताना दुसरं पाणी पोरीच्या तोंडाला लावायचं नाही, आईला विटाळ होतो. गावाची शीवही ओलांडायची नाही. म्हणून जुलाबात अंगातलं सगळं पाणी निघून चाललेल्या पोरीला ती पळी-पळी तीर्थ देत बसली होती.

मी जवळ गेले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मला तो आनंद अजून आठवतो.

"बाई, पोर गार झाली बगा," ती म्हणाली. "सकाळधरनं हातपाय गार हायेत. आई पावली."

पुंजारामानं तिला सांगितलं होतं तसंच. दगड गार झाला, पोर गार झाली, ताप उतरला. मी कडूचा हात धरला. हात थंडगार आणि चिकट. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मनगटाला नाडी लागेना, गळ्याशी कुठे पुसट हलत होती.

"रंगूबाई," मी म्हटलं, "ही गार झाली नाही. ही गार पडत चाललीय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शब्द तोच, पण त्याचा दुसरा अर्थ कुठल्याही आईला समजावून सांगावा लागत नाही. तरीही ती उठेना. शीव ओलांडली आणि आई कोपली तर, असं पुटपुटत पोरीला छातीशी धरून बसली. शेजारच्या बायका मला दूर लोटत होत्या. ओरडून, रागावून काही होणार नव्हतं. मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर फक्त भिंतीमागे चल. तिथं देवी दिसली तर मी इथं येऊन नाक घासीन. बहुधा मला गप्प करण्यासाठीच ती उठली.

मागच्या खोलीत काकासाहेब आडवे आले. रंगूबाईच्या खांद्यावरची पोर पाहिली आणि बाजूला झाले.

मी काही समजावलं नाही. कडूला मी घेतलं आणि रंगूबाईला परात दाखवली. परातीत निळसर पाणी, वर तेच तांबूस कण. तिनं हात बुडवला आणि लगेच बाहेर काढला. पाणी तेवढंच गार होतं. मग मी तिला पाइप दाखवला आणि काठावरून खाली ओढायला सांगितलं. तिनं यंत्राच्या पायाखालून तो सोडवला, जमिनीसरसा धरला आणि गाईची धार काढावी तसा दोन्ही हातांनी दाबत आली. काळपट बोळा बाहेर पडला आणि पाठोपाठ पाण्याची धार. परात उतरली. भिंतीतली फट कोरडी पडली.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून गलका ऐकू आला.

"आई थांबली. आई रुसली."

रंगूबाई तशीच वाकलेली राहिली. कडूला खांद्यावर धरून मी दुसऱ्या हातानं तिथली घागर परातीत कलती केली आणि तिला पाइपच्या तोंडावर अंगठा धरायला सांगितलं. परात भरून फटीपर्यंत आली. आम्ही तशाच थांबलो. मग पलीकडे टाळ्या झाल्या, आई आली, आई आली. तिनं अंगठा काढला. पलीकडे हळूहळू पुन्हा शांतता झाली. गावाची मरीआई त्या बाईच्या अंगठ्याखाली येत होती आणि जात होती.

तिनं खाली पडलेल्या बोळ्याकडे पाहिलं. भुसा, शेवाळ, झुरळाचे पाय.

"म्हंजी म्या पोरीला ह्ये पाजलं," ती म्हणाली.

काकासाहेबांनी स्वतः टेम्पो काढला. सोड्याच्या पेट्या उतरवायलाही थांबले नाहीत. वाटेत मी कडूला चमच्यानं पाणी देत होते, पण ते ओठांच्या कोपऱ्यातून परत येत होतं. शेवगावच्या डॉक्टरांनी दोन्ही हात पाहिले, पाय पाहिले, शीर सापडेना. पाणी नसलेल्या अंगात शिरा मिटून जातात. ते सुई टोचत राहिले आणि मी पोरीचं कपाळ धरून उभी राहिले. दिवस मावळायच्या आत कडू गेली. नाव कडू ठेवून काही उपयोग झाला नव्हता.

इथं मला एक गोष्ट सरळ सांगायची आहे. कडूला आजार त्या तीर्थानं झाला असं मी म्हणणार नाही. आजार बांधावरच्या हौदातून आला होता, तो गावभर होता. पण त्या आजारावर साधा उपाय होता, पाणी. तीर्थानं तिचं पाणी तोडलं, दवाखाना तोडला आणि तिचा वेळ खाल्ला. सलाईनच्या बाटल्या शेवगावात टांगलेल्या होत्या. पोर आदल्या दिवशी तिथं पोचली असती तर बहुतेक घरी आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत पुन्हा माणसं जमली. लाईट गेलेली होती, तरी दगड कोरडा होता. पाइप आता उतारावर मोकळा पडला होता. पुंजारामाकडे याचंही उत्तर तयार होतं. एका बाईनं आईवर संशय घेतला, म्हणून आईनं पोर नेली आणि पाणीही नेलं. आता मोठा उतारा करावा लागेल, कोंबडं लागेल, लुगडं लागेल. ज्या बाईची पोर काल गेली तिच्याबद्दल तो हे बोलत होता, आणि लोक ऐकत होते.

रंगूबाई तिथं आली. मला वाटलं, ती त्याच्या अंगावर जाईल. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. गर्दीला म्हणाली,

"आई पाझरताना बघायची तर माझ्यासंगं या. आत या."

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग आक्काबाई निघाली, जिनं माझ्यावर धूळ टाकली होती ती. तिच्यामागे दोन-तीन बायका, मग पुरुष. काकासाहेबांनी दार उघडून धरलं होतं. रंगूबाईनं परात भरली, आक्काबाईचा अंगठा धरून पाइपवर ठेवला आणि एकाला भिंतीपलीकडे ओरडायला उभं केलं. आली, म्हणून आवाज आला. अंगठा काढला. थांबली, म्हणून आवाज आला. मग दुसऱ्याचा अंगठा, मग तिसऱ्याचा. निळीनं जे झालं नव्हतं ते स्वतःच्या अंगठ्यानं झालं. आक्काबाई भिंतीला टेकून खाली बसली, कारण तिनं घरी नातवाला रोज तीर्थ नेलं होतं. तो पोरगा सुदैवानं ठणठणीत होता.

बाहेर आलो तेव्हा घोंगडी होती, पुंजाराम नव्हता. पाथर्डीच्या वाटेनं जाताना त्याला कुणीतरी पाहिलं. त्याला धरून मारावं असं काहींच्या मनात होतं, पण मला वाटतं लोकांना त्याच्यापेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटत होती. दुपारपर्यंत आम्ही बांधावरच्या कामावरून चार आजारी माणसं शेवगावला पोचवली. चारही बरी होऊन परत आली.

काकासाहेब नंतर माझ्याकडे आले होते. पाइपला उतार दिला, तोंडाला जाळी बसवली, आता भिंत कोरडी आहे, असं सांगत होते. गप्प बसणं गुन्हा आहे का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वेगळा प्रश्न विचारला तो रंगूबाईनं. भिमाजी परत आल्यावर, सगळं सांगून झाल्यावर, ती माझ्या ओट्यावर येऊन बसली होती.

"बाई, भिंतीमागं बरफ हाय ह्ये समद्या गावाला ठावं हुतं. मला बी ठावं हुतं. म्या रांगंत दोन दिस उभी राहिले. मंग मागं जाऊन का न्हाई बगितलं?"

तिच्या त्या प्रश्नापायी मी हे लिहिलं. वाचणाऱ्यांना मी हात जोडून सांगते. देव मानायचा तर माना, तो तुमचा प्रश्न. पण दगडातून पाणी यायला लागलं तर ओंजळ पुढे करण्याआधी भिंतीमागे जाऊन या. जो माणूस तुम्हाला मागे जाऊ देत नाही त्याला विचारा, का जाऊ देत नाहीस. आणि लेकरू आजारी असेल तर हेही नंतर करा, आधी त्याला उचलून दवाखान्यात न्या. देवाला घाई नसते. अंगातलं पाणी संपत आलेल्या पोराला असते.